उस्मानभाईच्या पिंजणीचे ठोके

वसंता, कुमुद,

तुमच्या बाबांना तार मिळाली तेव्हा तिच्यात आजोबा गेले एवढंच होतं. तारेत त्याहून जास्त मावत नाही. आता मोंबासाहून कुमुदचं पत्र आलं आहे. ती विचारते, "मामाआजोबांनी बाबांना लिहिलं की आजोबांना शेवटी भ्रम झाला होता. म्हणजे ते वेडे झाले होते का?" माझ्या भावानं असं लिहिलं असेल तर वाईट हेतूनं नसेल. चैत्रात तो आम्हा दोघांना अमरावतीला न्यायला आला होता. चार दिवस राहिला, आणि त्या चार दिवसांत त्यानं जे पाहिलं ते पाहिलं. पण चार दिवसांत वर्ष दिसत नाही.

हे मी आत्ताच लिहिते, कारण अजून मला सगळं जसं घडलं तसं आठवतं. आणखी एका वर्षानं मी ते मनात नीटनेटकं करून ठेवीन, आणि नीटनेटकं झालं की त्यातलं खरं थोडं कमी होईल. मला माझा स्वभाव ठाऊक आहे. आणखी एक. आजोबांविषयी 'ते' असं लिहायला दोनदा बसले, दोन्ही वेळा हात चालेना. म्हणून मी त्यांच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

अहो,

आपलं भांडण अर्धंच राहिलं. मी म्हणत होते, 'मी चुकलो' एवढं एकदा तरी म्हणा. तुम्ही म्हणत होतात, तसं म्हणणं खोटं होईल. शेवटच्या आठवड्यात तुम्हाला धाप इतकी लागायची की मी विषय काढणं सोडून दिलं. तुम्ही ती माझी हार समजलात आणि हसलात. तेव्हा त्या हसण्याचा मला राग आला होता.

मुलांना तुमचं काम नीट माहीत नाही. कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून तुम्ही तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिलेत. राज्य निजामाचं, कारभार उर्दूत, आणि खेड्यातून येणाऱ्या माणसाला उर्दूही यायचं नाही आणि लिहिताही यायचं नाही. तो बोलायचा, तुम्ही लिहायचात. पण लेखणी उचलण्याआधी तुमचा एक प्रश्न ठरलेला: "पाहिलं का ऐकलं?" शिरड शहापूरचा एक म्हातारा त्या प्रश्नावर असा चिडला की "मुन्शीजी, तुमी अर्ज लिहा, माझी सोयरीक नका जुळवू," म्हणून उठून गेला. पुढच्या बाजाराला परत आला, सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "ऐकलं." हे तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हा आपण दोघं पोट धरून हसलो होतो.

मी मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेली, म्हणून तुम्ही मला 'मास्तरीण' म्हणायचात, रागात आणि लाडातही.

आणि उस्मानभाई. भिंतीला भिंत लागून त्याचं घर. कापूस पिंजणं, गाद्या-रजया भरणं हा त्याच्या घराण्याचा धंदा. त्याच्या अंगणात पिंजण टांगलेली असायची, माणसाएवढ्या धनुष्यासारखी. तिच्या दोरीसारख्या ताणलेल्या तातीवर तो लाकडी मुठीनं ठोके मारी आणि कापूस भुरभुर उडे. आपला मनोहर लहानपणी त्या आवाजातच झोपायचा. आवाज थांबला की जागा व्हायचा.

पस्तीस-छत्तीसच्या सुमारास गावात प्लेगची टोचणी आली ते आठवतं? सुईतूनच रोग घालतात, गावं मोकळी करून जमिनी घ्यायच्या आहेत, असं लोक छातीवर हात ठेवून सांगत होते. टोचणारा आला की अर्धं गाव शेतात पळायचं. तेव्हा तुम्ही आणि उस्मानभाई चावडीपुढे बाह्या वर करून बसलात, आणि आधी कोणी टोचून घ्यायचं यावर तुमची हुज्जत झाली. तो म्हणाला, "पहिले तुमी घ्या, मुन्शीजी. तुमाला काही झालं तर मला पळायला वेळ मिळंल." सगळी चावडी हसली, आणि हसता हसता दहा-बारा माणसं पुढे झाली. त्या वर्षी अफवेच्या पाठीमागे धावून तिला गाठणारे तुम्ही होतात. म्हणूनच पुढचं मला इतकं कळेना.

तुमचं बदलणं कुठल्या दिवशी सुरू झालं ते मला सांगता येत नाही. पण गेल्या पौषात नांदेडहून परत येताना, वारंग्याच्या जवळ, तुमचा चुलतभाऊ रस्त्यात मारला गेला. कोणी मारलं ते कधीच कळलं नाही. खाकी कपड्यातल्या हत्यारबंद टोळ्या तेव्हा फिरत होत्या. लोक पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जात होते. कचेरीचं काम जवळजवळ बंद पडलं आणि तुम्ही घरी बसू लागलात. घरी बसलेल्या माणसाकडे सगळ्या बातम्या चालत येतात. कुठे विहिरीत काही टाकलं. कुठे दारांवर खुणा केल्या. कुठे कापसाच्या गठड्यांतून बंदुका आल्या. तुमच्या भीतीला कारण होतं, ते मी तेव्हाही नाकारलं नाही. तिला पत्ता मात्र चुकीचा मिळाला, आणि तो शेजारचा होता.

माघातल्या एका सकाळी तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत आणि बोट वर केलंत.

"ऐक. तीन ठोके मारले अन् थांबला. आता पाच."

मी म्हटलं, सरकी काढायला थांबला असेल.

"तीस वर्षं सरकी काढून राहिला. आताच काहून तीन अन् पाच?"

मी काय केलं ते मुलांना कळू दे, कारण शिकलेल्या माणसाला हेच सुचतं. मी घड्याळ आणि पाटी घेतली. तीन सकाळी भिंतीशी बसून ठोके मोजले, मांडले, आणि त्यात काही मेळ नाही हे तुम्हाला दाखवलं. तुम्ही पाटी पूर्ण वाचलीत. मग शांतपणे म्हणालात, "मास्तरीण, तुला वळखू आला असता तर तो इशारा कसला?"

मी पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी तुमचाच प्रश्न तुमच्यावर फेकला: पाहिलं का ऐकलं? तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणालात की कट करणारा माणूस दाखवून करत नसतो. मी पुरावा आणला की तो तुमच्या बाजूचा होऊन जायचा. काही सापडलं नाही, म्हणजे नीट लपवलं आहे.

तुम्ही हे घरातच ठेवलं असतं तर ठीक होतं. पण बाजाराच्या दिवशी किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून तुम्ही चार माणसांना ठोक्यांचं सांगितलंत. तुमचा शब्द गावात लिहिलेल्या कागदासारखा मानत. तो तिथून पुढे गेला. मला ते कळलं, आणि मी गप्प राहिले. ती माझी चूक.

उस्मानभाईच्या लक्षात आलं होतंच. एकदा तुम्ही भिंतीशी उभे असताना तो पलीकडून म्हणाला, "काहून कान लावून राहिले, मुन्शीजी? गादी भरून राहिलो, गाणं न्हाई म्हणत." तो थट्टाच करत होता. तुम्ही हसला नाहीत. त्याचं हसू अर्ध्यावर थांबलेलं मला भिंतीवरून दिसलं.

होळीनंतर दरवर्षीसारख्या मी गाद्या पिंजायला त्याच्याकडे दिल्या. तुम्हाला न विचारता दिल्या. परत आल्या तेव्हा तुम्ही तुमच्या गादीवर पाठ टेकायला तयार नव्हतात. तिच्यात काहीतरी शिवलं आहे, म्हणालात. काय, ते तुम्हालाही सांगता येत नव्हतं. तुम्ही उघड्या बाजेवर घोंगडी टाकून पडू लागलात, आणि त्या चैत्रात तुमचा खोकला छातीत उतरला. माझ्या भावानं पाहिलं ते हेच. उघड्या बाजेवरचा, भिंतीकडे कान लावलेला म्हातारा. त्यानं चला म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी गेलो तर हितं कोण ऐकंल?" तो माझ्याकडे बघत राहिला. मी भांडी घासायला उठले.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते.

भाऊ परत गेला त्याच आठवड्यात, तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा, मी कडी लावली आणि त्या गादीची शिवण उसवली. कापूस मूठमूठ बाहेर काढला. प्रत्येक मूठ दाबून पाहिली. मी, जी तुम्हाला रोज सांगत होते की त्यात काही नाही. कापूसच होता, आणि दोन-चार सरक्या. मी तो परत भरला, दाभणानं टाके घातले, पदरावरचा कापूस झटकला. मोकळं वाटायला हवं होतं. हात धुता धुता मनात आलं: उशी राहिली.

मी पायरीवर बसले. उशी उसवली असती तर रजई राहिली असती, रजई झाली असती तर विहीर. त्याला शेवट नव्हता. तुम्ही कुठे राहत होतात ते मला पहिल्यांदा आतून दिसलं.

तेवढ्यात दार वाजलं. उस्मानभाईची बायको जैतूनबी वाटी घेऊन उभी होती. त्यांच्या घरचं दही संपलं होतं, विरजण हवं होतं. माझी भीती तशीच होती. तिच्या हाताकडे पाहिलं तरी मनात नको ते येत होतं. ते येतच राहिलं, आणि मी आत जाऊन विरजण आणून दिलं. तिनं तिच्या पोरीच्या बाळंतपणाचं विचारलं, मी सुंठीचं सांगितलं. ती गेली. भीती गेली नव्हती. विरजणही देऊन झालं होतं. एवढी साधी गोष्ट मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली, की भीती घालवल्याशिवायही हात आपलं काम करू शकतात.

त्या दिवसापासून मी तुमच्याशी वाद घातला नाही. तुम्हाला ते विचित्र वाटलं, तुम्ही विचारलंतही, बरं नाही का म्हणून. मग आपलं ठरलं. दिवेलागणीला तुम्ही दिवसभर काय काय वाटलं ते सांगायचं. मी मध्ये बोलायचं नाही, सुधारायचं नाही, पाटी आणायची नाही. तुमचं संपलं की मी एवढंच विचारायचं, की ही भीती नसती तर आज आपण काय केलं असतं?

पहिल्या दिवशी तुम्ही ताकाच्या मडक्याकडे पाहिलंत. "जैतूनबीला ताक धाडलं असतं," म्हणालात.

"मग धाडू?"

"धाड. पण मला तसंच वाटून राहिलं."

"वाटू द्या," मी म्हटलं. "मी त्याला काढायला येत नाही."

ताक गेलं. रिकामा तांब्या चार खारका घालून परत आला. तुम्ही त्या खारकांकडे बघत बसलात. दुसऱ्या दिवशी एक खाल्लीत. मी हे म्हणत नाही की तुम्ही बरे झालात. काही दिवस फार वाईट गेले, आणि ज्येष्ठात तर तुम्ही माझ्यावरही संशय घेतलात, की मी पलीकडे काही सांगते. ते मला लागलं. मी तेही दिवेलागणीला ऐकून घेतलं, आणि विचारायचं ते विचारलं. तुम्ही म्हणालात, "भीती नसती तर तुला म्हटलं असतं, की चहा कर." मी चहा केला. डोळे पुसले आणि केला.

आणि आषाढातल्या एका दुपारी तुम्ही उठलात, बाजेवर ती गादी स्वतःच्या हातानं पसरलीत आणि तिच्यावर पडलात. मी दारात उभी राहिले. "हाय हिच्यात काहीतरी," डोळे मिटून तुम्ही म्हणालात. "पण मला झोप येऊन राहिली." त्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

मग भाद्रपदात हिंदी फौज आली आणि चार दिवसांत सगळं उलटं झालं. खाकीवाले पळाले. ज्यांनी सोसलं होतं ते आता शोधायला निघाले, आणि त्या शोधात ज्यांनी काहीच केलं नव्हतं तेही सापडू लागले. एका सकाळी उस्मानभाईला कचेरीत नेऊन ठेवलं. का, तर तो पिंजणीवर ठोके मारून टोळ्यांना इशारे द्यायचा. जैतूनबी आपल्या दारात येऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली. ती गेल्यावर तुम्ही खाली बसलात.

"हे माझं बोलणं हाय," तुम्ही म्हणालात.

दुपारी किराणा दुकानदार आणि त्याच्याबरोबर एक गृहस्थ आले. जबानी पक्की करायची होती. गावात सगळे सांगतात पण सही कोणी करत नाही, मुन्शीजींची सही झाली की काम होईल, असं ते गोड बोलून सांगत होते. दौत-लेखणीही आणली होती. तुम्ही कागद हातात धरलात. मला वाटलं, तुम्ही सही करणार. तुम्हाला ते खरं वाटत होतं. हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

"हे मी पाहिलेलं न्हाई," तुम्ही म्हणालात.

"पण तुमीच सांगितलं ना, मुन्शीजी? माझ्या ओट्यावर बसून?"

"सांगितलं. मला वाटलं, ते सांगितलं."

"म्हणजे खोटं सांगितलं व्हय?"

"खोटं हाय असं बी मी म्हणत न्हाई. मला अजून तसं वाटतं." तुम्हाला धाप लागली होती. "पण माझ्या वाटण्यावर दुसऱ्याचं घर बुडवायचं न्हाई."

दुकानदार उठताना म्हणाला की म्हातारपणात माणसाची बाजू कळेनाशी होते, जरा जपून राहा. त्याचा अर्थ आपल्या दोघांनाही समजला.

ते गेल्यावर तुम्ही मला कागद घ्यायला सांगितलंत. नवा अधिकारी बाहेरचा होता, त्याला उर्दू येत नव्हतं, म्हणून तीस वर्षांत पहिल्यांदा तुमचा अर्ज मला इंग्रजीत लिहायचा होता. तुम्ही चार ओळी सांगितल्यात, त्या अशा: उस्मानच्या पिंजणीचा आवाज मी तीस वर्षं ऐकतो. त्यात इशारा आहे असं मला वाटलं, आणि ते मी लोकांत बोललो. इशारा करताना मी त्याला पाहिलं नाही, त्याच्या घरी हत्यार पाहिलं नाही. मला अजून कधी कधी तसं वाटतं, पण ते माझं वाटणं आहे.

शेवटच्या ओळीवर आपलं भांडण झालं. मी म्हटलं, ती गाळा. 'मी चुकलो' लिहा, माणूस सुटेल. तुम्ही म्हणालात, चुकलो असं मला वाटत नाही, मग ते कसं लिहू. मी म्हटलं, उस्मानभाई आत बसला आहे आणि तुम्ही शब्द तोलता? तुम्ही म्हणालात, "तोलले न्हाईत म्हणूनच तो आत हाय."

तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी काहीही लिहू शकले असते. लेखणी दोनदा टेकवली आणि उचलली. शेवटी तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित ते दोन शब्द खोटे घातले असते तर तुमची सगळी उन्हाळ्याची मेहनत मीच खोटी ठरवली असती. मी वाचून मराठीत सांगितलं. तुम्ही खाली सही केलीत.

कचेरीपर्यंत तुम्ही काठी टेकत गेलात. मी मागे. वाटेत तुमच्याच लिंबाखाली दम घ्यायला बसलात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं की मुन्शीजी पुन्हा कामावर आले. अधिकाऱ्यानं कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ते तसंच आहे. नऊ दिवसांनी उस्मानभाई सुटला. तुमच्या कागदामुळे की दुसऱ्या कशामुळे, ते आपल्याला कोणी सांगितलं नाही.

सुटल्यावर तो तिसऱ्या दिवशी आला. बसला नाही.

"मुन्शीजी, तुमाला खरंच तसं वाटलं व्हय?"

"व्हय."

"अन् आता?"

"आता बी कधी कधी. पण ते माझ्या डोक्यात हाय, उस्मान. तुझ्या घरात न्हाई."

नऊ दिवसांत त्याची दाढी पांढरी झाली होती. "मंग डोकं संभाळा," तो म्हणाला आणि गेला. पुढे महिनाभर तो आला नाही. तुम्ही एकदाही त्याला बोलावलं नाहीत. मला वाटायचं, माफी मागा. तुम्हाला बहुतेक वाटत होतं की कागद हीच माफी. तुम्ही दोघंही हट्टी.

कार्तिकात तुम्ही गेलात, तेव्हा लाकडांची गाडी त्यानं आणली. तुम्हाला नेताना तो गल्लीच्या तोंडापर्यंत चालला आणि तिथे थांबला. तेराव्यानंतर जैतूनबी रोज दुपारी येऊन बसते. आम्ही निवडण-टिपण करतो. पिंजण त्यानं अंगणातून काढली. हल्ली तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, मेहुण्याच्या घरी काम करतो. मी विचारलं तर म्हणाला, "तिकडं उजेड बरा हाय, वहिनी." मी पुढे विचारलं नाही. आपलं घर आता फार शांत असतं, आणि त्या शांततेत मला काय काय वाटतं ते मी दिवेलागणीला तुम्हाला सांगितलं असतं.

मुलांनो, आजोबा वेडे नव्हते. त्यांना भीती होती. तिच्या पायी त्यांच्या हातून एक वाईट गोष्ट झाली, आणि भीती तशीच असताना त्यांनी ती थांबवली. दोन्ही तुम्ही लक्षात ठेवा.

अहो, तुमची सही आणि माझं अक्षर असलेला तो कागद कचेरीच्या दप्तरात आहे. उस्मानभाई त्याच्या घरी आहे.